मुक्तांबाबाई : तंजावरच्या भोसल्यांची अखेरची राजकन्या

सांबाराचा जन्म तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात झाला, ही दंतकथा दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागते. तिला आधार फारसा नाही, पण ती चविष्ट आहे म्हणून टिकली. त्याच राजवाड्यातील अखेरच्या राजकन्येची हकीकत मात्र सांबार आवडीने खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. विजयमोहना मुक्तांबाबाई हे तिचे नाव. शिवछत्रपतींच्या सावत्र भावाच्या गादीवर तिचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न १८५६ साली तंजावरहून मद्रास आणि कलकत्त्यामार्गे लंडनपर्यंत गेला आणि तिथून एका वाक्यात निकाली निघाला. ते वाक्य लिहिणारे सरकार एका राणीच्या नावाने चालत होते, हे आधीच सांगितलेले बरे.

आरंभ मावळातून करावा लागेल. पुणे-सातारा महामार्गावरच्या कामथडीच्या पश्चिमेला राजगड-तोरण्याचा मुलूख पसरला आहे. शिवाजी महाराज राजगडावरून स्वराज्याची घडी बसवीत होते, त्या काळात शहाजीराजे आणि तुकाबाई मोहिते यांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, दक्षिणेत आदिलशाहीच्या चाकरीत होते. १६७५-७६ च्या सुमारास त्यांनी कावेरीच्या खोऱ्यातील तंजावर ताब्यात घेतले आणि ते तिथेच राजे झाले. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी दोघे भाऊ भेटले. वडिलांच्या दौलतीतील वाट्यावरून बोलणे फिसकटले आणि एकोजी रातोरात निघून गेले. या भेटीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. एकोजींच्या वंशाने पुढची पावणेदोनशे वर्षे तमिळ मुलखात काय केले, याबद्दल मात्र महाराष्ट्रात कुतूहल कमीच.

या शाखेत वारसाहक्काचे तंटे नवे नव्हते. अठराव्या शतकात राजे एकामागून एक वारले, तेव्हा सुजानबाई या राणीने १७३७-३८ मध्ये काही काळ स्वतः राज्य चालविले होते. तंजावरच्या गादीने स्त्रीची सत्ता पाहिलीच नव्हती, असे म्हणता येत नाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

त्याहून उपयोगी पडेल तो १७८७ चा प्रसंग. तुळजाजी राजांना पुत्र उरला नव्हता. मृत्यूच्या थोडे आधी त्यांनी भाऊबंदांतील दहा वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला आणि त्याला श्वार्ट्झ या धर्मोपदेशकाच्या हवाली केले. तो मुलगा म्हणजे सरफोजी. राजे वारताच त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी हक्क सांगितला. ईस्ट इंडिया कंपनीने शास्त्रीपंडितांचे मत मागविले आणि दत्तविधान अशास्त्रीय असल्याचे उत्तर मिळाले. अमरसिंह गादीवर बसले. काही वर्षांनी कंपनीचे आणि अमरसिंहांचे पटेनासे झाले, श्वार्ट्झनेही सरफोजींची बाजू लावून धरली. तेव्हा पुन्हा पंडितांना विचारण्यात आले. या खेपेला दत्तविधान शास्त्रशुद्ध ठरले! १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. शास्त्र तेच आणि मुलगाही तोच होता. बदलली होती ती कंपनीची सोय.

त्या सोयीची किंमत लगेचच वसूल झाली. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला आणि त्याच्या आसपासची जागा एवढीच हुकमत राहिली; शिवाय वर्षाला १ लाख स्टार पॅगोडा, म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपये, आणि मुलखाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. राज्य गेले, राजेपण राहिले.

सरफोजींनी हे रिकामे राजेपण ज्या रीतीने भरून काढले, त्याला तोड नाही. सरस्वती महाल ग्रंथालयासाठी त्यांनी संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू हस्तलिखिते जमविली आणि युरोपातून छापील ग्रंथ मागविले. राजवाड्यात त्यांनी देवनागरी मुद्रणाची सोय केली. शरीरशास्त्र आणि नेत्रचिकित्सा यांत त्यांना स्वतःला रस होता. बृहदीश्वराच्या प्रचंड मंदिराच्या भिंतींवर त्यांनी १८०३ मध्ये आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. राजराज चोलाच्या मंदिरावर भोसल्यांची बखर! ज्याने ती पाहिली नाही त्याने दक्षिणेची सहल पुरी झाली असे मानू नये.

सरफोजींचे आणखी एक बांधकाम या हकिकतीला भलतीकडेच घेऊन जाते. तंजावरच्या दक्षिणेस समुद्रकिनाऱ्यावर ‘मनोरा’ नावाचा बुरूज उभा आहे. नेपोलियनचा पाडाव झाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ, इंग्रजांचा मित्र म्हणून, सरफोजींनी तो १८१४ च्या सुमारास उभारला. नेपोलियन हरल्याने युरोपात ज्यांचे नशीब उघडले त्यांत स्पेनचा राजा सातवा फर्डिनांड होता. १८०८ पासून तो फ्रान्समध्ये नजरकैदेत होता. १८१४ मध्ये तो माद्रिदला परतला. एका राजाचे सिंहासन परत मिळाले आणि त्याच विजयाचा स्तंभ दुसऱ्या, सिंहासन हरवून बसलेल्या राजाने बंगालच्या उपसागराकाठी बांधला. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नसावी. तरी पुढच्या पिढीत दोन्ही घराण्यांपुढे एकच प्रश्न उभा राहणार होता.

फर्डिनांडला मुलगा झाला नाही. इसाबेला आणि लुईसा फर्नांडा या दोन मुली झाल्या. स्पेनमध्ये बूर्बों घराण्याने आणलेल्या नियमाने मुलींचा हक्क जवळजवळ बुडत होता. फर्डिनांडने १८३० मध्ये तो नियम मोडीत काढला. १८३३ मध्ये तो वारला तेव्हा इसाबेला तीन वर्षांचीही नव्हती. फर्डिनांडचा भाऊ डॉन कार्लोस याने पुतणीचा हक्क धुडकावला आणि देश सात वर्षे यादवीत जळत राहिला. मुलीच्या बाजूने लढणारे जिंकले. धाकटी लुईसा फर्नांडा बहिणीची वारस म्हणून वाढली. १८४६ मध्ये दोघी बहिणींची लग्ने एकाच दिवशी लागली. लुईसाचा नवरा फ्रान्सच्या राजाचा पुत्र असल्याने इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात मोठा राजनैतिक तंटा झाला. हे सारे येथे सांगण्याचे कारण असे की, राजाला दोन मुलीच असणे ही त्या शतकात घरगुती बाब नव्हती. स्पेनमध्ये त्या प्रश्नाचे उत्तर तोफांनी दिले. तंजावरमध्ये ते टाकाने दिले गेले.

सरफोजी १८३२ मध्ये वारले आणि त्यांचे पुत्र शिवाजी राजे गादीवर आले. वडिलांची विद्वत्ता त्यांच्यात नव्हती. त्यांची खरी चिंता पुत्राची होती. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी वारसाच्या आशेने एकाच वेळी अनेक मुलींशी लग्ने लावली. त्यांतल्या कित्येक अगदी कोवळ्या वयाच्या होत्या. या लग्नांची आजवर थट्टाच अधिक झाली आहे. पण काळ पाहा. साताऱ्याचे शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब १८४८ मध्ये दत्तक घेऊन वारले. डलहौसीने तो दत्तक नाकारला आणि १८४९ मध्ये छत्रपतींचे राज्य खालसा झाले. झाशी आणि नागपूर १८५४ मध्ये गेले. औरस पुत्र नसेल तर घर बुडते, हे तंजावरचा राजा उघड्या डोळ्यांनी पाहत होता. ती लग्ने विलासापेक्षा भयाची होती.

साताऱ्याचा उल्लेख आला आहे तर भोर तालुक्याचाही करायला हवा. पदच्युत छत्रपती प्रतापसिंह यांची बाजू मांडण्यासाठी लंडनला गेलेले आणि तिथे वर्षानुवर्षे झगडणारे रंगो बापूजी गुप्ते हे भोरजवळच्या कारी गावचे. १८४० ते १८५३ एवढा काळ ते कंपनीच्या दारात उभे होते. हाती काही लागले नाही. १८५७ मध्ये साताऱ्यात फाशी गेलेल्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. प्रतापसिंहांनाही औरस पुत्र नव्हता, मुलगी होती. पण तिला छत्रपतींची गादी द्यावी, अशी मागणी कोणी केल्याचे ऐकिवात नाही. साताऱ्याचा लढा दत्तकाचा होता. तंजावरचा लढा वेगळा ठरतो तो इथे.

२९ ऑक्टोबर १८५५ रोजी शिवाजी राजे वारले. मागे सोळा राण्या आणि दोन मुली राहिल्या. औरस पुत्र नाही, दत्तकही नाही. तंजावरचे ब्रिटिश रेसिडेंट हेन्री फोर्ब्स यांनी वारसाची चौकशी केली आणि वर लिहून पाठविले की, राजांच्या कन्येचा हक्क मानता येईल. कंपनीच्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने हिंदू राजाच्या मुलीसाठी ही शिफारस केली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यामागे धर्मशास्त्राचा विचार होता. मिताक्षरेप्रमाणे विभक्त पुरुष निपुत्रिक वारला तर त्याची मालमत्ता आधी विधवेकडे आणि तिच्यानंतर मुलीकडे जाते. राज्याला हा नियम लागू होतो का, यावर दोन मते असू शकत होती. पण प्रश्न विचारात घेण्याजोगा नक्कीच होता.

लंडनमधील संचालक मंडळाने तो फारसा विचारात घेतला नाही. एप्रिल १८५६ च्या खलित्यात त्यांनी कळविले की, हिंदू राजाच्या मुलीला राज्यावर कोणत्याही कायद्याने वा रूढीने हक्क पोचत नाही. आणि नुसते नावापुरते उरलेले संस्थान मोठ्या खर्चाने चालू ठेवण्यासाठी असा हक्क नव्याने निर्माण करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. खरे कारण वाक्याच्या उत्तरार्धात आहे. साडेतीन लाख रुपये आणि उत्पन्नाचा पाचवा हिस्सा वाचत होता. सरफोजींच्या वेळी पंडितांना दोनदा विचारणाऱ्या कंपनीला या खेपेस एकदाही विचारावेसे वाटले नाही.

आणि रूढीचे म्हणाल, तर व्हिक्टोरिया १८३७ मध्ये इंग्लंडच्या सिंहासनावर बसली ती एका राजपुत्राची मुलगी म्हणून. तिच्या घराण्याकडेच असलेले जर्मनीतील हॅनोव्हरचे राज्य मात्र त्याच दिवशी तिच्या काकाकडे गेले, कारण तेथील नियम स्त्रीला आड येत होता. म्हणजे एकाच राजघराण्यात, एकाच दिवशी, एका मुलीचा हक्क एका देशात होता आणि दुसऱ्या देशात नव्हता. मुलीने राज्य करावे की नाही, यावर दैवी नियम कुठेच नाही हे इंग्रजांइतके स्पष्टपणे दुसरे कोणी जाणत नव्हते. भोपाळमध्ये बेगमांची सत्ता याच सुमारास त्यांच्या डोळ्यांसमोर चालली होती.

ऑक्टोबर १८५६ मध्ये तंजावरच्या राजवाड्यावर लष्कराचा पहारा बसला. खजिना, जडजवाहीर, शेतजमिनी, दप्तर, सगळ्यावर मोहोर लागली. राज्य खालसा करणे एक आणि घराची मालमत्ता उचलणे दुसरे. पण हा भेद त्या दिवशी कोणी पाळला नाही. जप्तीचा अंमल करायला आलेले आयुक्त कोण होते? तेच फोर्ब्स, ज्यांनी कन्येच्या बाजूने लिहिले होते.

इथे थोरल्या राणी कामाक्षीबाई पुढे आल्या. पडद्यातल्या या बाईने मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर दावा लावला. राज्याचे काय करायचे ते करा, पण पतीची खाजगी मालमत्ता आमची आहे, एवढाच तिचा मुद्दा होता. मद्रासचे न्यायाधीश इंग्रज होते. त्यांनी निकाल राणीच्या बाजूने दिला. सरकार प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाकडे, लंडनला अपिलात गेले. जुलै १८५९ मध्ये लॉर्ड किंग्सडाउन यांनी निकाल उलटविला. जप्ती न्याय्य होती असे न्यायपीठाने म्हटले नाही. त्याचे म्हणणे असे की, हे एका सार्वभौम सत्तेने दुसऱ्या सत्तेशी वागताना केलेले राज्यकृत्य आहे. ते योग्य की अयोग्य, न्याय्य की अन्याय्य, याचा विचार करण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही. ‘राज्यकृत्य’ हा शब्द कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ऐकला असेल. त्या विषयाच्या पुस्तकांत आजही पहिल्या काही खटल्यांत ‘कामाची बोये साहाबा’ हे नाव असते. इंग्रज लेखनिकाने वाकडेतिकडे करून ठेवलेले ते आपल्या कामाक्षीबाईंचे नाव आहे. विद्यार्थी तो खटला पाठ करतात. ती बाई मराठी बोलणारी, भोसल्यांची सून होती, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

निकालातला एक डाव मजेदार आहे. जे राज्य कंपनीच्या लेखी ‘नावापुरते’ म्हणून मुलीला द्यायचे नव्हते, तेच राज्य न्यायालयात ‘सार्वभौम सत्ता’ ठरले, कारण तसे ठरल्याशिवाय जप्तीला राज्यकृत्य म्हणता आले नसते.

मधल्या काळात १८५७ चा वणवा पेटून विझला होता. कंपनी गेली होती, आणि नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने संस्थानिकांना अभय दिले होते. सरकारचा सूर मऊ झाला. २१ ऑगस्ट १८६२ च्या मद्रास सरकारच्या हुकुमाने, केवळ मेहेरबानी म्हणून, मालमत्ता घराण्याला परत देण्यात आली. थोरल्या राणीने सर्व राण्यांच्या वतीने ती सांभाळावी; सर्व राण्यांनी हयातभर तिचा उपभोग घ्यावा; आणि शेवटची राणी वारल्यावर ती राजांच्या कन्येकडे जावी. कन्या नसेल तर राजांच्या पुढच्या वारसांकडे.

हा क्रम ओळखीचा वाटतो ना? आधी विधवा, मग मुलगी. सहा वर्षांपूर्वी ज्या मुलीला कोणत्याही कायद्याने हक्क नव्हता, तिला सरकारने मिताक्षरेच्याच पायरीवर आणून बसविले. फक्त राज्य त्यातून वगळले होते.

हुकुमात कन्या एकच उरली आहे : धाकटी मुक्तांबाबाई. तिच्या नावापुढे ‘अम्मणी राजे’ अशी तंजावरी पदवी लागे. अम्मणी हा तमिळ आदरार्थी शब्द, राजे हा मराठी. त्या घराचे सारे आयुष्यच असे दोन भाषांच्या सांध्यावर होते. दप्तर मोडीत, नाटके मराठीत आणि तेलुगूत, दरबारात कर्नाटक संगीत, देवघरात भवानी. ब्रिटिश सरकारने मुक्तांबाबाईंना ‘प्रिन्सेस ऑफ तंजोर’ म्हणून मान्यता दिली आणि तोफांच्या सलामीचा मान ठेवला. राज्य नसलेली राजकन्या, पण सरकारी यादीत क्रमांक पक्का.

१ जानेवारी १८७८ रोजी व्हिक्टोरिया राणीने ‘ऑर्डर ऑफ द क्राउन ऑफ इंडिया’ हा केवळ स्त्रियांसाठीचा सन्मान सुरू केला. पहिल्या मानकरी स्त्रियांत तंजावरच्या राजकन्येचे नाव आहे. यादीत इतर कोण होते ते पाहण्यासारखे आहे. भोपाळच्या शाहजहान बेगम होत्या. त्या स्वतः राज्यकर्त्या होत्या, आईकडून मुलीकडे आलेल्या गादीवर. बडोद्याच्या जमनाबाई होत्या. त्यांनी १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक शेतकरी कुळातला मुलगा दत्तक घेतला होता आणि सरकारने तो दत्तक नुसता मान्य केला नव्हता, पुढाकार घेऊन घडवून आणला होता. तो मुलगा म्हणजे सयाजीराव गायकवाड. मुलीचे राज्य आणि दत्तकाचे राज्य, दोन्ही मान्य झालेल्या बायकांच्या शेजारी, दोन्ही वाटा बंद झालेल्या घरातील मुक्तांबाबाई. छातीवरचे पदक मात्र तिघींचे सारखे.

बडोदा आणि तंजावर यांचा संबंध लवकरच पदकापुरता राहिला नाही. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव मूळचे कुंभकोणमचे, तंजावरी मराठी बोलणाऱ्या देशस्थ कुटुंबातले. तरुण सयाजीरावांसाठी वधू शोधताना नजर तंजावरकडे वळली यात नवल नाही. जानेवारी १८८० मध्ये तंजावर राजघराण्याच्या आप्तांतील मोहिते घराण्याच्या लक्ष्मीबाई बडोद्याच्या महाराणी झाल्या आणि चिमणाबाई हे नाव त्यांना मिळाले. एकोजींची आईही मोहित्यांचीच होती. दोनशेहून अधिक वर्षांनी तेच आडनाव उलट्या दिशेने, दक्षिणेकडून मराठी राज्याकडे आले. आंदणात नर्तकी, नट्टुवनार आणि वादक यांचा ताफा होता. ज्या नृत्याला आज आपण भरतनाट्यम म्हणतो, ते गुजरातेत अशा रीतीने पोचले. त्या कलावंतांच्या वंशजांनी पुढे बडोद्यात तंजोरकर हे आडनाव चालविले आणि नृत्य शिकविले.

चिमणाबाई ७ मे १८८५ रोजी क्षयाने वारल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या आसपास. बडोद्याच्या रावपुऱ्यातील घड्याळाचा मनोरा त्यांच्या स्मरणार्थ १८९६ मध्ये उभा राहिला. त्यांचा पुत्र फत्तेसिंहराव याचा मुलगा प्रतापसिंह हा पुढे बडोद्याच्या गादीवर बसला. स्पेनमध्येही थोडे असेच घडले होते. लुईसा फर्नांडाला स्वतःला सिंहासन कधी मिळाले नाही. तिची मुलगी मर्सेडीस १८७८ च्या जानेवारीत राजा बारावा अल्फोन्सो याची राणी झाली आणि पाच महिन्यांनी, अठराव्या वर्षी वारली. राजघराण्यांच्या वंशावळी वाचताना सनावळ्यांकडे लक्ष जाते; या मुलींची वये मोजत गेले की त्या सनावळ्या वेगळ्याच दिसू लागतात.

मुक्तांबाबाईंना १८६२ च्या हुकुमाने दिलेला वारसा मिळाला का? नाही. अट होती ती शेवटची राणी वारण्याची. शिवाजी राजांनी अखेरच्या वर्षांत ज्या कोवळ्या मुलींशी पुत्राच्या आशेने लग्ने केली होती, त्या दीर्घायुषी निघाल्या. राजाच्या मृत्यूनंतर अर्धशतकाहून अधिक काळ त्यांच्यापैकी कोणी ना कोणी हयात होते. त्यांचे आपसातही पटले नाही. १८६० च्या दशकातच धाकट्या राण्या थोरल्या राणीविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात उभ्या होत्या. शेवटची राणी विसाव्या शतकात वारली, तेव्हा मुक्तांबाबाई या जगात नव्हत्या. वडिलांनी पुत्रासाठी केलेली लग्नेच मुलीच्या वाट्याच्या आड आली.

मग हुकुमातील शेवटचे कलम लागू झाले : पुढचे वारस. आणि तिथे मद्रासच्या न्यायालयात एक अनपेक्षित दावेदार आला, कोल्हापूरचे छत्रपती. शहाजीराजांपासून दोन फांद्यांत विभागलेला वंश अडीचशे वर्षांनी तंजावरच्या जमिनीसाठी एका खटल्यात पुन्हा समोरासमोर आला. दुसऱ्या बाजूला राजांच्या विवाहबाह्य संततीचा वंश होता. अशा संततीला वारसा मिळतो की नाही, हे त्या काळच्या हिंदू कायद्यात वर्णावर अवलंबून असे. त्यामुळे तंजावरचे भोसले क्षत्रिय की शूद्र, यावर १९२० च्या दशकात न्यायमूर्तींनी शेकडो पानांचा निकाल लिहिला. त्यांनी ‘शूद्र’ असा कौल दिला. वेदोक्त प्रकरणात कोल्हापूरच्या राजवाड्याने ज्या प्रश्नावर शाहू महाराजांच्या नेतृत्वाखाली लढा दिला होता, तोच प्रश्न एका मिळकतीच्या तंट्यातून इंग्रजी न्यायालयात असा उत्तरला गेला. साडेतीनशे वर्षांपूर्वी रायगडावर गागाभट्टांसमोर जो प्रश्न होता, तो सोडवायला वकिलांनी पुराणे, बखरी आणि वंशावळी पुरावा म्हणून दाखल केल्या. राज्याभिषेकाचा इतिहास शिकताना या निकालाचे वाचनही अवश्य करावे. न्यायालय इतिहास कसा वाचते आणि कुठे चुकते, हे त्यात दिसते.

या भांडणात एक गोष्ट मात्र कुणा एकाची झाली नाही. सरफोजींचे ग्रंथालय राजवाड्याच्या मालमत्तेचाच भाग होते. तंजावरचे जिल्हा न्यायाधीश बर्नेल यांनी त्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूची १८८० मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा युरोपातील पंडित थक्क झाले होते. राण्यांच्या पश्चात राजकुटुंबातील वारसांनी त्यावरचा हक्क सोडला आणि १९१८ मध्ये ते सरकारने सार्वजनिक ग्रंथालय म्हणून खुले केले. स्पेनच्या लुईसा फर्नांडानेही १८९३ मध्ये सेव्हिल येथील आपल्या राजवाड्याच्या बागेचा मोठा भाग शहराला देऊन टाकला. आज तिथे तिच्या नावाचे उद्यान आहे. तंजावरच्या ग्रंथालयाला नाव सरफोजींचे आहे, आणि ते योग्यच आहे. तिथे तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत, आणि राजवाड्याच्या दप्तराचे मोडीतील रुमाल आहेत. राजकन्येच्या बालपणीचे घर, त्याचा रोजचा खर्च, सण, लग्ने आणि आजारपणे ज्या काळात मांडली गेली, त्या काळचे कागद त्या रुमालांत आहेत. मोडी वाचता येणाऱ्या तरुणांची वाट पाहणारे असे दप्तर महाराष्ट्राबाहेर दुसरे क्वचितच असेल.